मिठाची चिठ्ठी

सोमवारी परिपाठ संपला आणि शुभदाबाई मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसल्या. शनिवारी केंद्रातल्या अकरा शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी त्यांच्याच वर्गात येणार होते. बाईंची मुलं कशी वाचतात, ते पाहायला. निदान पुस्तकं तरी नीटनेटकी दिसावीत, म्हणून बाईंनी कळंबहून येताना जुन्या कॅलेंडरची पानं गुंडाळून आणली होती.

प्राची आडेच्या पुस्तकात मधली दोन पानं एकमेकांना जोडलेली निघाली. छापखान्यात कधी कधी कडेची घडी कापायची राहून जाते, तसं. बाईंनी पट्टी आत सरकवली आणि घडी उकलली. आत मोराचा पाठ होता. कोऱ्या वासाची, एकही बोट न लागलेली ती दोन पानं पाहताना बाईंचा हात थांबला.

हा पाठ प्राचीने ऑक्टोबरमध्ये वाचून दाखवला होता. याच पुस्तकातून, उभं राहून, ओळीवर बोट ठेवून, एकदाही न अडखळता. बाईंनी तेव्हा तिच्या वहीत लाल पेनाने ‘छान’ लिहिलं होतं आणि साऱ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

बंद पानातलं या पोरीने वाचलं कसं?

शुभदाबाईंच्या नोकरीला तेहतीस वर्षं होत आली होती. पहिली नेमणूक उमरखेडकडे, मग मारेगाव तालुक्यात नऊ वर्षं, आणि आता शेवटची सात वर्षं कळंबपासून आत, हिवरतांड्याच्या या दोन खोल्यांच्या शाळेत. एप्रिलअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांचं माहेर यवतमाळचं, कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसांचं. कागदावर लिहिलं ते खरंच असलं पाहिजे, हे त्या घरात मीठभाकरीसारखं होतं. बाईंनी कधी मुलावर हात उचलला नाही, कधी खोटी हजेरी भरली नाही. शिकवण्याची त्यांची एकच पद्धत होती. मी म्हणते, बोट ओळीवर ठेवा, मागून म्हणा. रोज सकाळी अर्धा तास, पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांना एकत्र बसवून. या पद्धतीने शेकडो मुलं वाचायला लागली होती. शुभदाबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर वाचतंच, असं तालुक्यात म्हणत. मागच्या दिवाळीत केंद्राकडून तशी पाटीही मिळाली होती, ‘शंभर टक्के वाचक वर्ग’. ती फळ्याच्या वर टांगलेली होती.

आणि त्या शंभर टक्क्यांत सगळ्यात वर नाव होतं प्राचीचं. तिसरीतली, बारीक अंगाची, दोन वेण्या घट्ट बांधणारी बंजारा मुलगी. शनिवारी पाहुण्यांसमोर पहिला पाठ तीच वाचणार, हे ठरलेलं होतं.

दुपारी बाईंनी जुनेद सरांना ते पान दाखवलं. जुनेद सर पहिली-दुसरीला शिकवत, बाई तिसरी-चौथीला. वय तिशीचं, यवतमाळचे, वडिलांचं मोटार दुरुस्तीचं दुकान. शाळेची सगळी ऑनलाइन माहिती तेच भरत आणि सकाळी फाट्यावरून बाईंना आपल्या गाडीवर घेऊन येत.

“चाचणीत तर पास हाय ना मॅडम ते,” सर म्हणाले. “म्याच भरलं होतं.”

“चाचणी कशी घेतली होती आपण?”

सर जरा विचारात पडले. “एक एक पोरगं उभं केलं. हजेरीच्या नंबरानं. तोच उतारा.”

“सगळ्या वर्गासमोर.”

“हो. मंग कुठं घेनार? व्हरांड्यात माहे पोरं होते.”

हजेरीत मुलं आधी, मुली नंतर. प्राचीचा नंबर सातवा. सहा जणांच्या तोंडून उतारा ऐकून झाल्यावर तिची पाळी आली होती. शुभदाबाईंनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि पदराने पुसला. तो स्वच्छच होता.

मंगळवारी मात्र त्यांच्या हातून चूक झाली. खात्री करून घ्यायची घाई त्यांना नडली. त्यांनी फळ्यावर चार नव्या ओळी लिहिल्या, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या, आणि सगळ्यांदेखत प्राचीला उभं केलं.

प्राची उठली. बोट वर केलं. पण तिचे डोळे फळ्यावर नव्हतेच. ती बाईंच्या ओठांकडे बघत होती. बाईंना तेव्हा समजलं की ही मुलगी तीन वर्षं तिथेच बघत आली आहे.

“वाच ना बेटा.”

मागच्या ओळीतून क्षितिज उठला. चौथीतला, सगळ्यांच्या मध्ये बोलणारा.

“मॅडम, तिले पह्यला शब्द सांगा ना! पह्यला शब्द सांगतला का मंग ते चालू होते.”

वर्ग हसला. कुचकट नव्हतं ते हसणं. घरातल्या माणसाची खोड सांगावी तसं होतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सतरा मुलांना ठाऊक होतं, फक्त बाईंना नव्हतं. प्राचीने एकदा वर्गाकडे पाहिलं आणि खाली बसली. बसताना तिने दप्तर मांडीवर ओढून घेतलं आणि सुट्टी होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

बुधवारी ती आली नाही.

खिचडीच्या शेडमध्ये बसंतीबाई डाळ निवडत होत्या. पन्नाशीच्या, तांड्यातल्याच. दहा वर्षं शाळेचा पोषण आहार शिजवत होत्या आणि बाईंशी वागताना हातचं काही राखत नसत.

“प्राची का नाही आली?” शुभदाबाईंनी विचारलं.

“नाई येत म्हणते ते.”

“आजारी आहे?”

बसंतीबाईंनी खडा काढून बाहेर फेकला. “म्हणते, बाईनं माहं वाचनं घेऊन घेतलं.”

शुभदाबाई तिथेच पोत्यावर बसल्या. खिचडीचं पाणी उकळायला लागलं होतं. झाकण थडथडत होतं, तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं बसंतीबाई?”

“मले कायचं माहीत? म्या कधी शाळेत गेलती का? पोरगी धाडधाड बोलते, तं मले वाटलं वाचते. तुमाले नाई समजलं तं मले कुठून समजते?”

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाईंनी जुनेद सरांना थांबायला सांगितलं आणि बसंतीबाईंना घेऊन त्या तांड्यात गेल्या.

प्राचीचे आईवडील नेमसिंग आणि ललिता दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, ते मार्चपर्यंत येणार नव्हते. घरी आजोबा फकिरा आणि ती, दोघंच. म्हातारा दारात तुरीच्या शेंगा झोडपत होता. बाईंना पाहून त्याने काठी ठेवली आणि खाट झटकली.

“या मास्तरीनबाई. पोरीनं काई केलं का?”

“नाही बाबा. मीच केलं.”

त्याला ते समजलं नाही. त्याने आत वळून हाक मारली. प्राची आतच होती, कणगीच्या मागे. तिची एक वेणी दिसत होती. ती बाहेर आली नाही.

“लय हुशार हाय आमची,” म्हातारा सांगू लागला. “रोज दुपारच्या सुट्टीत हे घरी येते, तवा तिच्या मायचा फोन येते. थे तिकडं फडात भाकर खायले बसते, अन् हे इकडून पाठ वाचते. तिकडचे सारे लोक ऐकते म्हणते. मुकादम बी ऐकते. पुऱ्या टोळीत आपलीच पोरगी वाचते म्हणून तिची माय सांगत फिरते. आता मले बी येते तो पाठ. ऐका.”

आणि फकिराने डोळे मिटून मोराचा पाठ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. जिथे शुभदाबाई वाचताना श्वास घेत, नेमका तिथेच श्वास घेत. ‘पिसारा’ म्हणताना बाई आवाज जरा वर नेत, तो तसाच वर गेला. आपलाच आवाज एका म्हाताऱ्याच्या तोंडून, तुरीच्या भुश्शात बसून ऐकताना बाईंच्या अंगावर काटा आला. बसंतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या.

पाठ संपल्यावर म्हातारा म्हणाला, “बराबर हाय ना?”

“बरोबर आहे बाबा.”

याहून जास्त काही सांगायचा त्यांना धीर झाला नाही. त्या आत गेल्या आणि कणगीजवळ खाली बसल्या. प्राचीने तोंड फिरवलं.

“तुझं काही चुकलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुझे कान चांगले आहेत. डोळ्यांचं शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. उद्या येशील?”

कणगीमागून आवाज आला, “सगळ्याईच्या समोर नाई.”

“नाही. सगळ्यांसमोर नाही.”

त्या रात्री घरी जेवताना बाईंच्या नवऱ्याने, नीळकंठरावांनी, सगळं ऐकून घेतलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या अडचणीचा ते शांतपणे विचार करू शकत.

“शनिवारी दुसऱ्या मुलीला उभं कर. या मुलीला शिकवायचं ते शिकव. पाटीचं कशाला काढतेस? तीन महिने राहिलेत तुझे.”

“आणि तिच्या पुढच्या बाई माझा रेकॉर्ड बघतील. ‘वाचते’ लिहिलेलं असेल. वाचणाऱ्या मुलीला कोण वाचायला शिकवतं?”

नीळकंठरावांनी ताटात कढी वाढून घेतली.

जे कानाने पाठ होतं ते काढून घ्यायचं, तर कानाला मदत मिळणार नाही अशी जागा हवी होती. गुरुवारी सकाळी शुभदाबाईंना ती जागा सापडली. खिचडीची शेड. तिथे बसंतीबाई होत्या, ज्यांना एक अक्षर येत नव्हतं आणि म्हणून ज्या काही सुचवू शकत नव्हत्या. बाईंनी कागदाचे चौकोन कापले. एकावर लिहिलं, ‘मीठ’. चिठ्ठीची घडी घालून प्राचीच्या हातात दिली.

“यावर काय लिहिलंय ते मला सांगू नकोस. बसंतीबाईंना सांग. त्या देतील ते घेऊन ये.”

प्राची गेली. व्हरांड्याच्या खांबाशी ती बराच वेळ उभी राहिलेली बाईंना खिडकीतून दिसली. चिठ्ठी उघडी, मान खाली. सुटी सुटी अक्षरं तिला ओळखता येत होती. त्यांची कधी तिला गरजच पडली नव्हती, एवढंच. मग ती शेडमध्ये शिरली आणि परत आली, ती मुठीत मटकी घेऊन.

“म पाहिला अन् पळाली,” बाई म्हणाल्या. “म च्या पुढे काय आहे?”

पुन्हा खांब. पुन्हा शेड. या वेळी ती माचिस घेऊन आली. तिसऱ्या खेपेला बसंतीबाईंचा आवाज वर्गापर्यंत आला, “अवं, एकदा नक्की सांग ना पोरी! माही खिचडी लागून राह्यली खाली!”

चौथ्या खेपेला प्राचीच्या तळहातावर मीठ होतं. तिने ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. हसली नाही. चिठ्ठी परत मागितली आणि मिठाच्या बाजूला ठेवून दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली.

इकडे वर्गाचा आठवडाही थांबलेला नव्हता. चौथीचा भागाकार चालू होता, तिसरीने कागदाची घड्याळं केली, मुलींनी व्हरांड्यात शेणसडा घालून रांगोळीचे ठिपके मारून ठेवले. जुनेद सर रात्रंदिवस पाहुण्यांच्या चहाची, खुर्च्यांची काळजी करत होते. या सगळ्या गडबडीत प्राची चिठ्ठ्या घेऊन जा-ये करत होती आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाईंनी तिला कामाला लावलंय, असंच सगळे समजले. ‘हळद’ आली. ‘डाळ’ आली. ‘पळी’ला तिने पाणी आणलं, आणि बाईंनी ते पिऊन टाकलं.

शुक्रवारी दुपारी ती स्वतःहून म्हणाली, “याडी कसं लिहिते?”

याडी म्हणजे आई, तिच्या बोलीत. बाईंनी तीन वर्षांत हा शब्द कधी फळ्यावर लिहिला नव्हता. पुस्तकात नव्हता, म्हणून. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. प्राचीने तो कुणाला सांगायला नेला नाही. कंपासपेटीत ठेवला.

त्याच संध्याकाळी जुनेद सर गाडी चालू करता करता म्हणाले, “मॅडम, ऐका माहं. उद्या तिले मोराचाच पाठ द्या. फडफड वाचते. कोनाले समजते? अन् रविवारपासून शिकवत राहा तिले.”

“मला समजतं ना जुनेद.”

सरांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “मंग यादीत बदल करावा लागन. सतरापैकी सोळा. माहं नाव खराब होईन, मीच भरलं होतं.”

“सही माझी आहे. तुम्ही भरलं ते माझ्या सांगण्यावरून.”

शनिवारी सकाळी साडेआठला पाहुणे आले. बावीस शिक्षक आणि केंद्रप्रमुख बबनराव. बबनराव मनाने वाईट नव्हते. केंद्रात एक तरी वर्ग शंभर टक्क्यांचा आहे, हे प्रत्येक बैठकीत सांगताना त्यांची मान ताठ व्हायची, इतकंच. मुलं सतरंजीवर बसली. क्षितिजने स्वागताची ओळ म्हटली. मग शुभदाबाई उभ्या राहिल्या.

पाठ सुरू करायच्या आधी त्यांनी ते सांगून टाकलं. उतारा एकाच खोलीत, एकामागून एक घेतल्यामुळे ऐकून म्हणणारं मूल वाचणाऱ्यांत धरलं गेलं. वर्गातलं एक मूल अजून वाचत नाही. नोंद त्यांनी चुकीची दिली. नाव त्यांनी घेतलं नाही.

खोलीत खुर्च्यांची करकर झाली. पाहुण्यांतल्या दोघी-तिघींनी खाली पाहिलं. चाचणी त्यांनीही तशीच घेतली होती.

“मॅडम,” बबनराव हळूच म्हणाले, “हे आता मी वर कसं कळवू? आधी मला फोन तरी करायचा.”

“चुकलं साहेब. लेखी देते मी.”

बबनरावांनी पाटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “चला. पाठ तरी दाखवा.”

बाई तिसरीच्या दुसऱ्या मुलीला हाक मारणार, तेवढ्यात सतरंजीवर प्राची उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं.

“ते मूल मी हाय,” ती म्हणाली. “मले चिठ्ठी द्या.”

शुभदाबाईंना काय करावं ते सुचेना. सगळ्यांसमोर नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. पण कबूल करून घेणारीच आता सगळ्यांसमोर उभी होती. त्यांनी बबनरावांपुढे कागदाचा चौकोन आणि पेन ठेवलं. “तुम्हीच लिहा साहेब. एक शब्द. इथे स्वयंपाकात मिळेल अशी वस्तू.”

बबनरावांनी लिहिलं. प्राचीने चिठ्ठी घेतली. खोली इतकी शांत झाली की शेडमधला पातेल्यावरचा उलथन्याचा आवाज ऐकू येत होता. बोट पहिल्या अक्षरावर. ओठ हलले. मागून एका शिक्षकाने चिठ्ठीकडे मान लांब करून पाहिलं आणि दयेपोटी पहिलं अक्षर पुटपुटलं.

“सांगू नका,” शुभदाबाई म्हणाल्या. आयुष्यात पाहुण्यांवर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

दोन मिनिटं गेली असतील. प्राचीने वर पाहिलं. या वेळी बाईंच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे.

“वे येते. मंग जे हाय ते नाई येत मले. ते जोडून हाय.”

कागदावर ‘वेलदोडा’ किंवा ‘वेलची’ असतं तर कदाचित आलं असतं. बबनरावांनी ‘वेष्टन’ लिहिलं होतं. का लिहिलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते ओशाळले आणि त्यांनी चिठ्ठी परत घेतली.

“बस बेटा,” बाई म्हणाल्या. “जिथे अडलं ते तू नेमकं सांगितलंस.”

टाळ्या झाल्या नाहीत. पाठ पुढे चालू झाला. दुसऱ्या मुलांनी वाचलं, चांगलं वाचलं. चहा झाला. साडेअकराला पाहुणे गेल्यावर जुनेद सरांनी स्टूल आणलं, त्यावर चढून पाटी काढली आणि कपाटात उभी करून ठेवली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला.

पण बाईंचं खरं काम अजून व्हायचं होतं. त्या प्राचीबरोबर तांड्याकडे निघाल्या.

दुपारी साडेबाराला फकिराचा फोन वाजला. प्राचीने तो खाटेवर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे ट्रॅक्टरची घरघर, बायकांचं बोलणं, कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

“वाच वं बाई,” ललिताचा आवाज आला. “हे काकू बसल्या ऐकायले. मोराचा वाच.”

फकिरा खुशीत पुढे सरकला. प्राचीने कंपासपेटी उघडली. एक चिठ्ठी काढली, मांडीवर सरळ केली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

“मी… ठ.” मग एका दमात, “मीठ.”

पलीकडून ललिताने विचारलं,

“अन् पुढं?”

“एवढंच हाय, याडी.”

कुणीतरी बाई हसली. ललिता म्हणाली, “काय झालं वं? इसरली का? मोराचा येत होता ना तुले?”

प्राचीने फोन उचलून बाईंकडे केला.

“ललिताताई, मी शुभदाबाई बोलते. शाळेतल्या.” सकाळी बावीस माणसांसमोर जमलं होतं, ते इथे जड जात होतं. “तुमची मुलगी आतापर्यंत वाचत नव्हती. मी म्हणायची ते ऐकून तसंच म्हणायची. मी ते वाचन समजले. तुम्हालाही तसंच सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही.”

ट्रॅक्टर बंद झाला. ललिताचा आवाज आता जवळून आला. बहुतेक ती उठून बाजूला गेली होती.

“तीन वर्स, मॅडम?”

“हो.”

“तीन वर्स पोरगी शाळेत धाडली म्या. संगं नाई आनली. इथं बाकीच्याईचे पोरं मोळ्या बांधते.”

फकिरा हातातली शेंग सोलायची थांबला होता.

“अन् आता हे मीठ तिनं वाचलं?”

“हे तिनं वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं.”

“मंग शिकवान ना तुमी?”

“एप्रिलपर्यंत आहे मी. रोज शिकवीन. रविवारीही येईन.”

“आम्ही मार्चात येतो,” ललिता म्हणाली. त्यात माफी होती की ताकीद, ते बाईंना ओळखता आलं नाही. ओळखायचा त्यांना हक्कही वाटला नाही. “द्या तिच्याकडं.”

प्राचीने फोन खाटेवर ठेवला आणि कंपासपेटीतून दुसरी चिठ्ठी काढली. कोपरे दुमडून मऊ झालेली. अक्षरांवर बोट आलं आणि थांबलं. फकिराने तोंड उघडलं, बाईंनी त्याच्या हाताला हात लावला. पलीकडून ललिता दोनदा म्हणाली, “हॅलो? हॅलो? हाय का?”

“थांब ना,” प्राची म्हणाली. “वाचून राह्यली मी.”